वळचणीचे पाहुणे आणि कामगाराचा श्वास

संस्कृतातला 'पारावत' मराठीत 'पारवा' झाला आणि गुजरातीत 'पारेवुं'. तापीकाठच्या दोन्ही भाषांनी ह्या पक्ष्याचे नाव एकाच मुळापासून घेतले, त्याला सारख्याच मायेने दाणे टाकले, आणि आज त्याच्यापासून होणारा उपद्रवही दोघींच्या लेकरांना सारखाच सोसावा लागत आहे. सकाळी उठून गच्चीवर मूठभर ज्वारी टाकणारे हात आपल्याच घरातले असतात. आणि त्याच पारव्यांची वाळलेली विष्ठा कारखान्यात, गोदामात किंवा शाळेत झाडून काढणारे हातही पुष्कळदा आपल्याच घरातले असतात. ह्या दुसऱ्या हातांविषयी, आणि झाडताना जो श्वास आत घेतला जातो त्याविषयी, चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना हा सुरतेचा कष्टकऱ्यांचा पट्टा. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतील माणसे कामासाठी येथे येत राहिली आणि येथलीच झाली. कोणी मागावर बसले, कोणी रंगाई-छपाईच्या मिलमध्ये लागले, कोणी भरतकामाच्या यंत्रावर, तर कोणी कापडबाजारात गाठोडी वाहू लागले. ह्या साऱ्या कामांच्या जागा एका बाबतीत सारख्या आहेत. वर पत्रे, पत्र्याखाली लोखंडी कैच्या, भिंतीला उंचावर झरोके, आणि त्या झरोक्यांची जाळी कधीकाळी तुटलेली. पारवा हा मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. सह्याद्रीतील किल्ल्यांचे कडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्याच्या मूळ घराची कल्पना येईल. कैचीचा आडवा लोखंडी पट्टा, खिडकीवरचा छज्जा, टाकीखालची पोकळी ह्या त्याच्या लेखी कपारीच होत. ऊन नाही, पाऊस नाही, शत्रू नाही, आणि जवळच कोणीतरी दाणे टाकतो. मग तो वर्षातून अनेकदा अंडी घालतो ह्यात नवल कसले?

ह्यात त्याचा काही अपराध नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. पक्षी वर बसला म्हणून खाली काम करणारा माणूस आजारी पडतो असे नव्हे. संकट उभे राहते ते निराळ्या क्षणी. महिनोन् महिने साचलेली विष्ठा वाळून तिचा भुगा होतो, आणि कोणीतरी कोरडा झाडू हाती घेऊन तो भुगा हवेत उडवतो, तेव्हा.

धुळीतील अदृश्य शत्रू

पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत 'हिस्टोप्लाझ्मा' नावाची एक बुरशी वाढते. तिचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हा रोग वैद्यकाला प्रथम कळला तोही एका कामाच्या जागीच. पनामा कालव्याच्या कामावर आलेल्या, मार्टिनिक बेटावरील एका मजुराच्या शवविच्छेदनात १९०५ साली डॉ. सॅम्युअल डार्लिंग ह्यांना तो आढळला. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत 'क्रिप्टोकॉकस' ही दुसरी बुरशी सापडते. निरोगी माणसाला ती सहसा काही करीत नाही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे त्याच्या फुप्फुसातून ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. पोपट, पारवे इत्यादी पक्ष्यांपासून होणारा 'सिटॅकोसिस' हा जिवाणूंचा ज्वरही अशाच धुळीतून येतो.

हे सारे दूरचे वाटू नये म्हणून एका शाळेची गोष्ट सांगतो. २२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला 'वसुंधरा दिन' साजरा झाला. ओहायो राज्यातील डेलावेअर ह्या गावी एका शाळेच्या मुलांनी त्या निमित्ताने उत्साहाने शाळेचे अंगण झाडून स्वच्छ केले. त्या अंगणात पूर्वी पक्ष्यांच्या थव्यांची वस्ती असे. पुढे थोड्याच दिवसांत मुले ताप, खोकला आणि छातीतील दुखण्याने आजारी पडू लागली. हिस्टोप्लाझ्माची बाधा झालेल्यांची संख्या ३८४ पर्यंत गेली. झाडू हाती न घेतलेलेही कित्येक त्यांत होते. कारण अंगणातील धूळ वायुवीजनाच्या यंत्रणेने वर्गांत ओढून घेतली होती. शाळेत स्वच्छतेचा दिवस पाळणाऱ्या आम्हा शिक्षकांनी ही हकिकत पाठ करून ठेवावी अशी आहे. मुलांचा हेतू उत्तम होता, श्रमही प्रामाणिक होते. उणीव होती ती झाडण्यापूर्वी शिंपडायच्या पाण्याची, आणि त्या मातीत काय आहे हे आधी पाहण्याची.

जंतूवाचून होणारा रोग

वरील रोगांत निदान शत्रू तरी बाहेरचा असतो. आणखी एक विकार असा आहे की ज्यात शरीर स्वतःशीच लढू लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांवरील भुकटीतील प्रथिने वारंवार श्वासात गेली, तर काही माणसांच्या फुप्फुसांना त्यांचे वावडे उत्पन्न होते. डॉक्टर ह्याला 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' म्हणतात. ह्यात आरंभी काय होते? धुळीत काम केल्यानंतर चार-सहा तासांनी अंग कसकसते, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो, दम भरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. माणूस समजतो, हवा बदलली. पुन्हा धूळ, पुन्हा तेच. असे वर्षानुवर्षे चालले की फुप्फुसाच्या मऊ जाळीवर वण पडतात, ती ताठर होते, आणि मग जिना चढणेही जड जाते. हे वण एकदा पडले की औषधाने पूर्वस्थितीला येत नाहीत. म्हणून जे काही करायचे ते आरंभीच केले पाहिजे.

आपल्या देशात हा विकार दुर्मीळ आहे असे कोणी समजू नये. फुप्फुसांवर वण पाडणाऱ्या रोगांची एक देशव्यापी नोंदणी १९ शहरांतील २७ केंद्रांत करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच विकार होता. त्यांतील जवळजवळ निम्म्या रुग्णांचा संबंध हवा थंड करणाऱ्या कूलरशी आला होता; पक्ष्यांचा सहवास हेही एक कारण नोंदले गेले. आता ही दोन कारणे एकत्र आणून पाहावीत. खिडकीत कूलर, कूलरच्या डोक्यावर पारव्याचे घरटे, आतली गवताची जाळी वर्षभर न धुतलेली, आणि पंखा ती सारी हवा थेट कामगाराच्या तोंडावर सोडतो. असे दृश्य सुरतेच्या उन्हाळ्यात शोधायला फार लांब जावे लागत नाही.

खोकल्याचे निदान चुकण्याचा धोकाही मोठा असतो. खोकला लांबला की आपल्या वस्त्यांत पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. थुंकीची तपासणी आधी झालीच पाहिजे. परंतु ती निर्दोष निघाली, दम्याची औषधेही लागू पडली नाहीत, तर तेथे थांबू नये. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी ह्यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता?' ह्या एका प्रश्नाची भर घालावी असे वैद्यांना सुचवले. आज रुग्णालयांतील गर्दीत हा प्रश्न राहून जाऊ शकतो. तेव्हा न विचारताही सांगावे : 'डॉक्टरसाहेब, मी अमुक ठिकाणी काम करतो, वर पारव्यांची घरटी आहेत, आठवड्याला झाडतो मीच.' ह्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते. मजुरागेट येथील नवे सिव्हिल हॉस्पिटल असो की महानगरपालिकेचे स्मीमेर, तेथे जाताना हे वाक्य बरोबर न्यावे.

नवापूरचा धडा

पक्ष्यांपासून होणाऱ्या रोगाचा एक मोठा प्रसंग आपल्या गावाकडच्या वाटेवरच घडून गेला आहे. ज्या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, त्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारीला निदान केले, आणि भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक म्हणून नवापूरचे नाव इतिहासात गेले. शेजारच्या उच्छल भागात आणि पुढे जळगाव जिल्ह्यातही तो पोहोचला. लक्षावधी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. आदिवासी व खानदेशी मजुरांचे, लहान कुक्कुटपालकांचे संसार त्या महिन्यात उघड्यावर आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे पुन्हा हीच आपत्ती ओढवली. त्याच वर्षी जुलैत हरियाणातील एका बालकाचा दिल्लीत ह्या विषाणूने मृत्यू झाला. भारतात माणसाचा असा नोंदलेला तो पहिला बळी.

परंतु नवापूरची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००६ साली कोंबड्या मारण्याच्या कामावरील माणसांना अंगभर झगे, मुखपट्ट्या, हातमोजे, चष्मे देण्यात आले, प्रतिबंधक औषध देण्यात आले आणि त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. त्या उद्रेकात माणसांना लागण झाल्याचे आढळले नाही. साऱ्या देशाचे डोळे नवापूरकडे लागलेले असताना मजुराच्या तोंडावर मुखपट्टी चढली. मागाच्या शेडीत दर आठवड्याला विष्ठा झाडणाऱ्याकडे कोणाचे डोळे लागलेले नसतात. त्याच्या तोंडाला फार तर स्वतःचा रुमाल असतो. तो रुमाल बीजाणू अडवीत नाही.

वटवाघळांविषयी दोन शब्द

वटवाघूळ म्हटले की आपल्या घरांत अजून अपशकुनाची कुजबुज होते. कोविडच्या साथीनंतर तर ह्या प्राण्याची भीती अधिकच वाढली. भीतीपेक्षा माहिती बरी. केरळात कोझिकोडे व मलप्पुरम जिल्ह्यांत मे २०१८ मध्ये निपाह विषाणूचा उद्रेक झाला. फळे खाणारी मोठी वटवाघळे हे त्या विषाणूचे मूळ घर. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात आरंभीच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी ह्यांचा त्यात २१ मे रोजी अंत झाला. त्यापूर्वी २००१ साली सिलिगुडीतही बाधितांत रुग्णालयातील कर्मचारी आणि तेथे भेटीस आलेली माणसे ह्यांचेच प्रमाण मोठे होते. म्हणजे प्राण्याकडून माणसाकडे रोग एकदा आला की पहिली झळ बसते ती कामावरच्या माणसाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत ह्या विषाणूच्या खुणा आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

ह्याचा अर्थ वडावरची वटवाघळे दगड मारून हुसकावी असा मुळीच नाही. लहान वटवाघळे रात्रभर किडे-डास टिपतात, मोठी वटवाघळे झाडांचे बी दूरवर नेतात. एके काळी आपल्या वन्यजीव कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळाची गणना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. नियम सोपे आहेत. उष्टे, चोच लागलेले किंवा दात लागलेले फळ खाऊ नये. खाली पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. ते चावले वा ओरखडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बांगलादेशात खजुरीच्या झाडाला लावलेल्या मडक्यात रात्री वटवाघळे तोंड घालतात आणि तो कच्चा रस पिणाऱ्यांना निपाहची बाधा होते, हे सिद्ध झाले आहे. आपल्या दक्षिण गुजरातेतही हिवाळ्यात नीरा काढणारे आहेत. मडक्यावर बांबूच्या विणीचे आच्छादन बांधणे हा उपाय तेथे गुणकारी ठरला. तो स्वस्तही आहे.

भूतदया आणि भगिनीदया

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. मुंबईत जुलै २०२५ मध्ये शासनाने ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा केली. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आणि ऑगस्टमध्ये जमावाने ती ताडपत्री ओढून काढली. उच्च न्यायालयाने लोकांच्या आरोग्याकडे बोट दाखवले. दाणे टाकणाऱ्यांनी धर्माकडे. सुरतेत, जेथे दारोदारी चबुतरे आणि मनोमनी जीवदया आहे, तेथे हा वाद परका नाही. उत्तरायणात मांज्याने पंख कापलेले पक्षी उचलणारे स्वयंसेवक आम्ही दरवर्षी पाहतो. राज्याच्या 'करुणा अभियाना'चे ते काम आम्हाला आदरणीय वाटते. त्या तरुणांनी हातमोजे व मुखपट्टी मात्र वापरावी, एवढीच विनंती.

दाणे टाकण्याविरुद्ध आमचे म्हणणे नाही. दाणे कोठे टाकावेत ह्याविषयी आहे. आपल्या गच्चीवर टाकलेल्या मुठीचे पुण्य आपल्या पदरी पडते, आणि त्या मुठीवर पोसलेल्या थव्याची विष्ठा खालच्या शेडीतल्या बाईच्या पदरी पडते. वस्तीपासून, शाळेपासून, रुग्णालयापासून आणि कामाच्या जागेपासून दूर, मोकळ्या मैदानात दाणे टाकले तर पक्षी उपाशी राहत नाही आणि माणूसही खोकत नाही. दयेचा विस्तार एवढा तरी असावा की तीत झाडू मारणारी बहीण मावेल.

झाडूआधी पाणी

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगने सुरतेला हादरवले. त्यानंतर ह्या शहराने स्वतःला असे झाडूनपुसून काढले की २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने त्याला पहिला क्रमांक मिळाला. ह्या यशाचा आम्हाला अभिमान आहे. परंतु शहर स्वच्छ होते ते कोणाच्या तरी हातांनी, आणि ते हात कोरड्या धुळीत किती वेळ असतात ह्याचा हिशेब कोणत्याही क्रमांकात येत नाही.

सफाईचे काम करणाऱ्या एका मावशींना आम्ही एकदा विचारले, 'मावशी, आधी पाणी का शिंपडत नाही?' त्या म्हणाल्या, 'सर, पाणी मारलं की चिखल होतो. मग पोतं घेऊन पुसत बसा. तेवढा वेळ कोण देतं?' ह्या उत्तरात सारा प्रश्न आला. अडाणीपणाला दोष देणे सोपे असते. खरी वाण आहे ती पाण्याची, पोत्याची आणि अर्ध्या तासाची. आणि ह्या तिन्ही गोष्टी देणे झाडणाऱ्याच्या हाती नसून कामावर ठेवणाऱ्याच्या हाती असते.

म्हणून आधी मालक, मुकादम, सोसायटीचे सचिव आणि मुख्याध्यापक ह्यांना उद्देशून सांगतो. सफाईपूर्वी पंखे व कूलर बंद करावेत आणि इतरांना बाहेर काढावे. विष्ठेवर हलक्या हाताने, झारीने पाणी शिंपडावे. नळीचा जोरदार फवारा मारू नये, त्याने धूळ उलट उडते. दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावे. मग ओली विष्ठा फावड्याने वा पत्र्याच्या सुपलीने उचलून जाड पिशवीत भरावी व तोंड बांधावे. शेवटी जमीन ओल्या फडक्याने पुसावी. काम करणाऱ्याला एन-९५ जातीची मुखपट्टी, रबरी हातमोजे, बंद पादत्राणे आणि चष्मा द्यावा. काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुण्याची सोय असावी, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता निराळे धुवावेत. ढीग फार मोठा, अनेक वर्षांचा असेल, तर तो एखाद्या बाईच्या माथी न मारता जाणत्या माणसांकडून काढून घ्यावा. ज्यांना दमा आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांना हे काम देऊच नये.

पाहुण्यांना पुन्हा येऊ न देणे हा त्यापुढचा उपाय. घरट्यात अंडी-पिले नाहीत हे पाहून मग झरोक्यांना जाळी मारावी. छज्जावर पत्रा तिरपा बसवला की पारव्याला टेकायला जागा उरत नाही. वटवाघळे असतील तर संध्याकाळी ती बाहेर पडल्यावर फट बुजवावी. पिले असण्याच्या दिवसांत मात्र बुजवू नये. पाण्याच्या टाकीचे झाकण तुटलेले असेल तर ते आजच बदलावे; पक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडली की पोटाचे रोग होतात.

कायदाही ह्या बाबतीत अगदीच मुका नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात स्वच्छता आणि धुळीपासून संरक्षण ह्यांविषयी स्वतंत्र कलमे होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. चाळिशीपुढील कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी व्हावी, अशी योजना तिच्याखाली आहे. ती मागून घ्यावी. परंतु विजेवर चालणाऱ्या जागी वीस कामगार असल्याशिवाय त्या जागेला 'कारखाना' म्हणत नाहीत. चार-आठ मागांच्या शेडीत हा कायदा पोहोचेलच असे नाही. तेथे मालकाची बुद्धी आणि कामगाराची जागरूकता ह्यांवरच भिस्त राहते.

दिवाळी जवळ आली की घरे, दुकाने, शेडी, शाळा सगळीकडे वर्षाची झाडलोट निघते. वर्षभराची घरटी त्याच आठवड्यात खाली येतात. ह्या मासिकाच्या वाचकांत शेडीचे धनी आहेत, सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत, शिक्षक आहेत, आणि ज्यांच्या घरातून रोज कोणीतरी झाडू घेऊन कामावर जाते अशीही कुटुंबे आहेत. पहिल्यांनी झाडूबरोबर एक बादली पाणी, एक मुखपट्टी आणि अर्धा तास द्यावा. दुसऱ्यांनी तो संकोच न करता मागावा. पारव्यांना काय, ते दुसरी कपार शोधतील.